मास्तरांच्या दातातली खाच

आमच्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत एक फोटो आहे. दात दुखणारी माणसं त्याच्याकडे बघत बसतात, कारण बघण्यासारखं दुसरं काही तिथे नाही. फोटोत पाच जण आहेत आणि पाचांच्या हातात पाच वाद्यं. डावीकडून दुसरे माझे बाबा. हातात ट्रॉम्बोन, आणि उजवा पाय ट्रॉम्बोनच्या पेटीवर, वाघ मारलेल्या शिकाऱ्यासारखा. लहानपणी मी त्यांना त्यावरून फार चिडवायचे. "बाबा, तुम्ही काय पेटीची शिकार केली होती?" ते हसायचे आणि चहा मागायचे. त्या दोन-तीन वर्षांतल्या प्रत्येक फोटोत त्यांचा उजवा पाय कशावर तरी चढलेला आहे. पेटीवर, पायरीवर, एकदा तर उलट्या बादलीवर. मला वाटायचं, तरुणपणी माणसाला असे झटके येत असतील.

फोटोच्या मधोमध सगळ्यांत बुटके उभे आहेत ते मास्तर. मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दल.

मास्तर शिंपी होते. आमच्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, घड्याळजी आणि छत्र्या दुरुस्त करणारा यांच्या मधे त्यांचं दुकान होतं. खाली मशीन, कापायचं टेबल आणि मास्तरांची बायको, म्हणजे काकू; वर लाकडी जिन्याने गेलं की एक लांबट खोली, तिच्यात दांड्यांवर टांगलेले अर्धवट शिवलेले कोट. आणि त्याच खोलीत, दर रविवारी सकाळी नऊ ते बारा, जुन्या धाटणीचं जॅझ वाजवणारा आमच्या गावचा एकमेव बँड बसायचा. बँडचं नाव 'रविवारची मंडळी'. नाव ठेवायला त्यांनी चार महिने घेतले होते, हे ऐकून मला नेहमी हसू येतं.

हे खूळ आलं बेकरीवाल्याकडून. त्याचा मामा जहाजावर आचारी होता. तो निवृत्त झाला तेव्हा एक ग्रामोफोन आणि खोकंभर तबकड्या भाच्याच्या गळ्यात मारून मोकळा झाला. बेकरीवाला भट्टीसमोर त्या लावायचा. पाव घ्यायला येणारी माणसं पाव घेऊन निघेनात. असे जे चौघे रोज रेंगाळायचे, त्यांचाच बँड झाला. बेकरीवाल्याची छाती भात्यासारखी होती, म्हणून अग्निशमन दलाच्या मोडलेल्या बँडचा अवाढव्य ट्यूबा त्याच्याकडे आला. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई क्लॅरिनेट वाजवायच्या. स्वरलिपी वाचता येणाऱ्या त्या एकट्याच, त्यामुळे बाकीच्यांच्या चुका कळून त्रास होणाऱ्याही त्या एकट्याच. विजेचे मीटर वाचत दारोदार फिरणारा एक लांब टांगांचा माणूस बँजो वाजवायचा. त्याला सगळे मीटरवालाच म्हणत. ड्रम नव्हता, कारण घरमालकाने ड्रमला साफ नकार दिला होता, तेव्हा ठेका सांभाळायचं काम बँजोच्या गळ्यात पडलं. माझे बाबा दातांचे डॉक्टर. दाढ काढताना त्यांचा हात जितका खात्रीचा, ट्रॉम्बोनची नळी मागेपुढे करताना तितकाच बेभरवशाचा.

आणि मास्तर कॉर्नेट वाजवायचे. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटची धाकटी बहीण. जरा बुटकी, जरा गुबगुबीत, पण बोलायला जास्त प्रेमळ.

या संगीतात कागद फारसा नसतो. घरात एखादी गोष्ट सांगितली जाते ना, एक जण सरळ सांगतो आणि बाकीचे मधे मधे तोंड घालतात, तसंच ते असतं. मास्तरांचं कॉर्नेट गाण्याची चाल सरळ सांगायचं. वरून बाईंची क्लॅरिनेट त्याला फोडणी द्यायची, खालून बाबांचा ट्रॉम्बोन कुरकुरायचा, आणि ट्यूबा आणि बँजो आपले पावलं टाकत चालायचे. सगळे एकदम बोलतात, आणि तरी गोष्ट कळते. ती कळते कारण मधे एक जण शांतपणे सांगत असतो.

मास्तरांचा आवाज मी डोळे मिटून ओळखला असता. मऊ होता, आणि त्या मऊपणाच्या कडेला थोडीशी हवा होती, किंचित खरखर. सर्दीतून नुकत्याच उठलेल्या माणसाने लाडाने हाक मारावी तशी. बाई एकदा म्हणाल्या, "मास्तर, तुमचा सूर स्वच्छ नाही." मास्तर म्हणाले, "बाई, नवं कापड स्वच्छ असतं. अंगाला लागतं ते धुतलेलं."

श्रोते म्हणून असायचे ते कोट. बाही नसलेले, कॉलर नसलेले, पांढरा कच्चा दोरा घातलेले. "हेच श्रोते बरे," मास्तर म्हणायचे, "मधेच उठून जात नाहीत." मी लहान असताना त्या कोटांखाली बसून ऐकायचे. कापडाचा, इस्त्रीच्या वाफेचा आणि बेकरीवाल्याने आणलेल्या गरम पावाचा वास यायचा. आज त्या जागी मोबाईलचं दुकान आहे. मी त्या गल्लीतून जाणं टाळते, लांबचा रस्ता घेते, आणि का ते कुणाला सांगत नाही.

आता त्या खाचेकडे येते.

मास्तर दोरा दातांनी तोडायचे. शिकाऊ असल्यापासून पस्तीस वर्षं, दिवसातून शंभर वेळा, त्याच एका दाताने. वरच्या पुढच्या दोन दातांपैकी डावा. त्यामुळे त्या दाताच्या कडेला एक बारीक खाच पडली होती, कानशीने घासल्यासारखी. ती दिसली की बाबांचं डोकं फिरायचं.

"अरे, कात्री कशाला ठेवलीय? शोभेला?"

"कात्री शोधावी लागते, डॉक्टर. दात जागेवर असतात."

"एक दिवस नसतील!"

हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की बँडचं ते अजून एक गाणंच होतं म्हणा ना. पण त्या खाचेचा आणि त्या आवाजाचा काही संबंध असेल, हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. बाबांच्याही नाही, खुद्द मास्तरांच्याही नाही.

मी दातांची डॉक्टर होऊन परत आले आणि बाबांच्या दवाखान्यात बसायला लागले. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. आल्या आल्या मी आवराआवरीला सुरुवात केली. मागच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या, आणि फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे. बाबांनी ज्याच्या ज्याच्या दातांचं माप घेतलं होतं, त्याचा साचा जपून ठेवलेला. प्रत्येकावर निळ्या पेन्सिलीने नाव. मी तीन पोती भरली.

"अगं, त्यात माणसं आहेत," बाबा दारात उभं राहून म्हणाले.

"बाबा, त्यात धूळ आहे," मी म्हटलं.

पोती कचऱ्याच्या गाडीत गेली. आज कुणी तरुण डॉक्टर माझ्या टेबलावरच्या जुन्या वस्तूंकडे नाक मुरडून बघायला लागला की मी त्याच्या अंगावर खेकसते. त्याचं कारण हे आहे.

त्यानंतर दोन महिन्यांनी मास्तरांचा तो दात तुटला. दोऱ्याने नव्हे, बेकरीवाल्याच्या टोस्टने. बेकरीवाल्याने ते इतकं मनाला लावून घेतलं की पुढे कित्येक वर्षं तो गिऱ्हाइकांना टोस्ट चहात बुडवूनच खा म्हणून दम द्यायचा. मास्तर गालाला रुमाल लावून दवाखान्यात आले आणि सवयीने बाबांच्या खुर्चीकडे वळले. बाबांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता.

"मी नको," बाबा म्हणाले, "हिला करू दे. हिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे."

पुढचा दात, एकटीने, पहिल्यांदा. मला रात्री झोप लागली नाही असं नाही, मी मस्त झोपले. म्हटलं ना, मला सगळं येत होतं. रूट कॅनाल केलं, माप घेतलं, कॅपचा रंग शेजारच्या दाताशी उजेडात उभं राहून जुळवला. कॅप बनवणाऱ्या माणसाकडून दोनदा परत करून घेतली. आणि बसवली तेव्हा काय सांगू! मोत्यासारखा दात. सरळ, भरीव, कडेला एक ओरखडा नाही. खाच? ती मी अर्थातच ठेवली नव्हती. तुटकी भिंत बांधताना कुणी भोकासकट बांधतं का?

मी त्यांच्यासमोर आरसा धरला. मास्तर बराच वेळ बघत राहिले. जिभेने चाचपून बघितलं. मग म्हणाले, "सुंदर. अगदी सुंदर शिवलायस गं, पोरी."

त्या दिवशी मी घरी चालत गेले नाही, तरंगत गेले.

पुढच्या रविवारी मास्तरांनी कॉर्नेट ओठाला लावलं आणि नुसती हवा आली. दुसऱ्या फुंकीला सूर आला, पण कुणा परक्याचा. बाबा घरी येऊन म्हणाले, "ओठ सुजलाय म्हणतो. होईल बरा." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी मास्तरांनी दोन ओळी वाजवल्या, कॉर्नेट पुसलं, पेटीत ठेवलं आणि म्हणाले, "मंडळी, वय झालं. फुंक गेली माझी."

कुणालाच खरं वाटेना. बागेतल्या चौथऱ्यावर बँडला तीस वर्षं झाल्याचा कार्यक्रम ठरला होता, त्याला सहा आठवडे उरले होते. बाईंनी क्लॅरिनेटवर चाल घ्यायचा प्रयत्न केला. पण बाई चाल इतकी अचूक वाजवायच्या की तिच्यात कुणाला तोंड घालायला फटच राहायची नाही. बाबांचा ट्रॉम्बोन कुरकुरायचा आणि मधेच ओशाळून गप्प व्हायचा. बाराला संपणारी तालीम साडेदहाला संपायला लागली.

मग एक दिवस दुकानाच्या काचेवर मास्तरांच्या अक्षरातला कागद लागला. 'कॉर्नेट देणे आहे. नीट वाजवणाऱ्यास.' आणि कुणा कॉलेजातल्या संगीत शिक्षकाचा निरोपही आला की रविवारी दुपारी येऊन घेऊन जातो.

बाबा त्या आठवड्यात जेवले असतील नसतील. मला राग आला, खरं सांगायचं तर मास्तरांचाच. इतकी वर्षं वाजवलं आणि आता म्हाताऱ्यासारखं काय हातपाय गाळायचे!

शुक्रवारी माझ्या पांढऱ्या कोटाचं बटण तुटलं म्हणून मी दुकानात गेले. ओरडायचंही होतंच थोडं. मास्तर स्टुलावर बसून बटण लावायला लागले. काकू पलीकडे काजं करत होत्या. बटण लागलं, दोऱ्याला गाठ बसली, मास्तरांनी कोट सवयीने तोंडाशी नेला आणि मधेच थांबले. मग कोट मांडीवर ठेवला आणि कात्री शोधायला लागले. टेबलावर नाही, कापडाखाली नाही, मशीनच्या खणात नाही.

"बघितलंस?" काकू म्हणाल्या. "पस्तीस वर्षांत यांनी कात्री शोधली नाही. नवा दात आला आणि दिवसभर आपलं कात्री कुठंय, कात्री कुठंय. धागा सटकतो म्हणे."

"सटकतो?" मी विचारलं.

"गुळगुळीत आहे ना. पूर्वी धागा त्या खाचेत बसायचा. बरोब्बर बसायचा. आणि हे फुंक गेली म्हणतात, ते तर मला अजिबात पटत नाही. सकाळी दूधवाल्यावर ओरडले ते चौकापर्यंत ऐकू गेलं. ती कुठली फुंक होती?"

"तू गप्प बस गं," मास्तर म्हणाले.

माझे कान गरम झाले. आवाज ओठांनी निघतो, पण ओठाला मागून टेकू देतात ते दात. तीस वर्षं त्यांच्या ओठामागे एक खाच होती. ओठ तिच्यात जरासा शिरायचा, तिथूनच ती कडेची हवा, ती खरखर, ते सगळं यायचं. आणि मी तिथे भिंत बांधली होती.

"काका, तोंड उघडा," मी म्हटलं.

"दात झकास आहे."

"उघडा म्हणते ना!"

"त्या दाताला हात लावायचा नाही," मास्तर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी कडक आवाजात बोलले. "चांगलं काम आहे. चांगल्या कामाला कात्री लावत नाहीत. कोट घे आणि जा."

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. सांगता सांगता रडले. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"साचा होता गं," ते म्हणाले. "त्याच्या वरच्या जबड्याचा. खाचेसकट."

एवढंच म्हणाले. चार थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. खाच केवढी होती, किती खोल, किती तिरकी, हे दाखवणारी जगातली एकच वस्तू होती आणि ती मी धूळ म्हणून पोत्यात भरली होती. अंदाजाने घासावं तर कॅप परत वाढत नाही. आणि नवी केली तरी मापाशिवाय कशी करणार?

बाबा उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "साचा गेला. आवाज नाही गेला. तो आमच्या चौघांच्या कानांत आहे."

रविवारी सकाळी दवाखाना बंद असतो. त्या रविवारी नऊ वाजता बाहेरच्या खोलीत बेकरीवाला, बाई आणि मीटरवाला येऊन बसले, दाढ काढायला आल्यासारखे गंभीर. बाबांनी उगाचच ट्रॉम्बोन आणला होता. सव्वानऊला काकू आल्या. एका हातात बाजाराची पिशवी, तिच्यात कॉर्नेट. दुसऱ्या हातात मास्तरांचा दंड.

"नाही म्हणत होते," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, मग तो शिक्षक येईल तेव्हा दुकानात तुम्ही बसा, मी चालले बहिणीकडे. दिलंत तर तुमच्या हातांनी द्या."

मास्तर खुर्चीत बसले. तोंड मात्र उघडेनात. बाबा पुढे झाले. "मास्तर," ते म्हणाले, "तिने रात्रभर विचार केलाय. तिला करू दे. तू नाही म्हणालास तर ती आयुष्यभर हे ओझं घेऊन फिरेल." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

मी सगळ्यांत बारीक टोक लावलं आणि दाताच्या कडेला केसभर घासलं. थांबले. "वाजवा."

मास्तरांनी दवाखान्याच्या खुर्चीत, गळ्याला रुग्णाचा फडका बांधलेला असताना, एक लांब सूर काढला. दारात चार चेहरे होते.

"कोरडा," बाई म्हणाल्या.

परत घासलं. परत सूर.

"हवा येतेय, पण भलत्याच बाजूने," मीटरवाला म्हणाला. "जरा आतल्या अंगाला घ्या."

"उगाच सल्ले देऊ नकोस रे," बेकरीवाला म्हणाला, "वीज आहे का ती?" मग स्वतःच हळूच म्हणाला, "पण आतल्या अंगालाच घे, पोरी."

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. प्रत्येक वेळी जरा जवळ आल्यासारखं वाटायचं आणि निसटायचं. सहाव्या वेळी माझा हात थांबला. अजून एक केस घेतला आणि जास्त झाला तर संपलं. कॅप तडकलीसुद्धा असती. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला.

मास्तरांनी माझं मनगट धरलं. "कापड कापताना कात्री मधेच थांबली की कड वाकडी होते," ते म्हणाले. "काप. मी बसलोय."

मी कापलं. त्यांनी चूळ भरली, ओठ पुसले, डोळे मिटले आणि या वेळी नुसता सूर नाही काढला, चाल सुरू केली. त्यांच्या नेहमीच्या पहिल्या गाण्याची, संथ.

कुणीही "हो" म्हणालं नाही. मीटरवाल्याचा पाय फरशीवर पडायला लागला. बेकरीवाला ट्यूबाच्या जागा नुसत्या घशाने घालायला लागला, बुम्, बुम्. बाई भिंतीला टेकल्या आणि त्यांची बोटं हवेतच क्लॅरिनेटच्या भोकांवर चालू लागली. आणि माझे बाबा, ज्यांना आपण ट्रॉम्बोन कधी उचलला हेही कळलं नसेल, खालून कुरकुरायला लागले, भलत्याच ठिकाणी, नेहमीप्रमाणे. मधे ते कॉर्नेट सांगत होतं. मऊ, कडेला थोडी हवा. काकू बाजाराची पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या आणि रडत होत्या, आणि मधेच म्हणाल्या, "अहो, फडका तरी सोडा गळ्याचा!"

गाणं संपलं. बाबांनी माझ्या हत्यारांच्या ट्रेमधलं टाके घालायच्या दोऱ्याचं रीळ उचललं, वीतभर दोरा काढला आणि मास्तरांसमोर धरला.

"तोड," ते म्हणाले.

"तीस वर्षं नाही म्हणालास."

"आजच्या दिवस तोड. उद्यापासून कात्री."

मास्तरांनी दोरा दाताला लावला. टच्. दोरा तुटला. दात नाही तुटला. त्या दुपारी संगीत शिक्षक आला तेव्हा काकूंनी त्याला चहा पाजला, बिस्किटं दिली, आणि काचेवरचा कागद काढायचा राहून गेला बरं का, म्हणून दारापर्यंत पोचवून आल्या. बागेतला कार्यक्रम झाला. पुढे अकरा वर्षं रविवार होत राहिले. मग ट्यूबा गेला, मग बँजो, मग बाबा, आणि त्यांच्या पाठोपाठ चार महिन्यांत मास्तर. बाई आहेत. ऐकू कमी येतं, पण तीस वर्षांपूर्वी कोण कुठे चुकलं ते अजून सांगतात. मला त्या सगळ्यांची फार आठवण येते. रविवारी नऊ वाजता तर येतेच येते.

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. बाकीचे बाहेर जाऊन हसत, ओरडत चहा मागत होते. बाबा खुर्चीपाशीच ट्रॉम्बोन पुसत होते. मास्तर गळ्याचा फडका सोडत होते, आणि मी न राहवून विचारलं, "काका, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना? दातामुळेच झालंय ते?"

"पहिल्याच फुंकीला," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाहीत? कॉर्नेट देऊन टाकायला निघालात, पण एका शब्दाने बोलला नाहीत!"

मास्तरांनी फडक्याची नीट घडी केली. चार पदरी, कडेला कड लावून.

"तू आरसा धरलास ना, तेव्हा मी दात नाही बघितला. आरशाच्या वरून तुझं तोंड दिसत होतं, ते बघितलं," ते म्हणाले. "पहिलं काम होतं तुझं. पहिल्या कामाला नाव ठेवलं की हात जन्मभर बिचकतो, पोरी. मी स्वतःचं दुकान काढलं तेव्हा माझ्या हातची पहिली पँट. उजवा पाय दोन बोटं आखूड झाला. माझ्या लक्षात आलं नाही. गिऱ्हाइकाने घातली, आरशात बघितलं, मला म्हणाला, सुंदर शिवलीय. आणि तीन वर्षं तीच घालून फिरला. मला वाटायचं, बिचाऱ्याचा एक पाय लांब आहे. दुसरी पँट शिवायला आला तेव्हा माप घेतलं, तर दोन्ही पाय सारखे! तेव्हा कळलं."

"कोण हो तो?" मी विचारलं.

मास्तरांनी फडक्याची घडी खुर्चीच्या हातावर ठेवली. बाबा ट्रॉम्बोनची नळी पुसत होते. स्वच्छ नळी, पुन्हा पुन्हा त्याच जागी.

मी बाहेरच्या खोलीत गेले. चहावरून चाललेला गोंधळ ओलांडून भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. फोटोत बाबा ऐटीत हसत होते, हातात ट्रॉम्बोन, उजवा पाय पेटीवर. गुडघ्यात वाकवून पाय वर ठेवला की कुणाचीही पँट आखूडच दिसते.